काळ्यावर सावली पडत नाही, मामा

प्रिय मामा,

तुझा प्रतापगडाच्या लढाईचा देखावा पुरा झाल्याचं आईनं सांगितलं, पाठोपाठ फोटो आले. घरातल्या सगळ्यांचं पाहून झाल्यावर मी ते मोठे करकरून पाहिले आणि तुला फोन करायचं टाळून पत्र लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? नावडता विषय निघाला की "बरं, जेवलीस का?" म्हणून मोकळा होतोस.

आधी कौतुक. शामियान्याच्या कनातीवरची ती वेलबुट्टी झिरो नंबरच्या ब्रशनंच काढलीस ना? आणि जावळीचं रान हिरवंगार ठेवलंस, ते पाहून तर मी मनात तुला नमस्कार केला. १० नोव्हेंबर १६५९, म्हणजे पावसाळा सरून फार दिवस झालेले नाहीत. सह्याद्री म्हटला की लोक एप्रिलमधला तपकिरी डोंगर रंगवतात. तू कोयनेच्या खोऱ्यातली मार्गशीर्षातली हिरवळ धरलीस. त्या झाडीत नेताजी पालकरांची माणसं दबा धरून बसलेली, एकाच्या पागोट्याचं फक्त टोक दिसतंय. गडावरच्या तोफेच्या इशाऱ्याकडे त्याचे कान लागले असणार, हे न सांगता कळतं.

तुझ्या हाताची ही गंमत मला लहानपणापासून माहीत आहे. भाऊबीजेला तू साताऱ्याहून सांगलीला यायचास तो आईसाठी साडी आणि आमच्यासाठी पिशवीभर मावळे घेऊन. आमचा किल्ला तोवर उभा असायचा. दगडविटा, वर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलात पेरलेलं अळीव. बाजारातल्या त्या मावळ्यांचे डोळे तिरळे, सगळ्यांचे अंगरखे एकाच गुलाबी रंगात बुडवून काढलेले. तुला ते बघवायचंच नाही. हातपाय धुवायच्या आधी तू ओट्यावर बसायचास आणि एकेकाला तोंड द्यायचास. हा रागीट, हा झोपाळू, हा नुकतंच लग्न झालेला. तो नवा नवरा दरवाज्यावर पहाऱ्याला लावायचा नाही, माचीवर ठेवायचा, असा तुझा हुकूम असे. आठवतं?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ची. खालच्या खोलीतली मावळ्यांची ट्रंकही पाण्यात बुडाली. पाणी उतरल्यावर उघडली तर शाडूचे होते त्यांचा गाळ झालेला. भाजलेले तेवढे उरले, पण रंग धुऊन गेलेले, सगळे पुन्हा कोरे. आई रडली. तू आलास, ट्रंकेत डोकावलास आणि म्हणालास, "बरं झालं, आता नव्यानं रंगवू." त्या चिखलात आम्ही हसलो होतो, मामा. त्या एका वाक्याचे आभार कधी मानायचे राहिले, ते आज घे.

तेव्हा तुझ्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं, हे तू आम्हाला कळू दिलं नाहीस. फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवायचं काम गेलं. दुकानाची पाटी, ट्रकची मागची फळी, निवडणुकीतली भिंत, सगळं छापून मिळायला लागलं. साताऱ्यात राजपथावरून चालताना तू मला पाट्या दाखवायचास, "हे अक्षर माझं." पुढे पुढे दाखवायला पाट्याच राहिल्या नाहीत. मग हळूच रंगवायची धातूची छोटी माणसं घरात आली. मामी म्हणायची, "या वयात बाहुल्या!" तिला सांग, एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये शिशाच्या सैनिकांची लढाई कशी खेळावी यावर आख्खं पुस्तक लिहिलंय, आणि तेव्हा तो चाळिशी उलटलेला बाप्या होता. तू रंगवतोस ती ५४ मिलिमीटरची उंचीही तिकडचीच. लंडनच्या ब्रिटन कंपनीनं १८९३ पासून आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला घेतले, त्यांनी ती रूढ केली. म्हणजे साहेबांच्या पोरांच्या मापात तू आपली माणसं बसवलीस. मला याची फार मौज वाटते.

तुझ्या टेबलापाशी बसून मी काय काय शिकले! साच्याच्या जोडाची रेघ आधी कानशीनं घासून काढायची, नाहीतर ती गालावरून व्रणासारखी धावते. मग करडा अस्तर-रंग. रंग पाण्यानं इतका पातळ करायचा की एका हातात काही दिसूच नये; चार हातांनी अंगरखा भरायचा. डोळ्याचं पांढरं आधी, बुबुळ मग, आणि चुकलेलं शेवटी कातडीच्या रंगानं कापून घ्यायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सावली. एवढ्याशा माणसावर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून चुणीतला अंधार आणि खांद्यावरचं ऊनही आपणच रंगवायचं. भगव्याची सावली तपकिरीत, पांढऱ्याची निळसर करड्यात. काळा मात्र नाही. "काळ्यावर सावली पडत नाही," तू म्हणायचास. "काळा लावला की माणूस संपला, नुसतं भोक उरतं."

मग मामा, तुझ्या देखाव्यात अफजलखानाची माणसं सगळीच्या सगळी काळी का?

मी फोटो चारचारदा पाहिले. आपल्या बाजूला मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, नीळ, धुवट पांढरा. प्रत्येकाचा शेला निराळा, एकाच्या गुडघ्यावर तर ठिगळसुद्धा आहे. आणि समोर काळ्या अंगरख्यांची, एकाच चेहऱ्याची रांग. ओट्यावर बसून बाजारच्या मावळ्यांवर तू चिडायचास ते याच कारणासाठी ना?

"शत्रू ओळखू यायला नको का?" असं तू म्हणशील. तिथेच तर खरी मेख आहे. त्या दिवशी तो कपड्यावरून ओळखू येतच नव्हता. गणवेश ना यांना होता ना त्यांना. पागोटं, अंगरखा, सुरवार, कमरेला शेला, हे दोन्हीकडं होतं. आणि माणसं? शिवभारत तुझ्याच कपाटात आहे, काढून बघ. शिवाजी महाराजांच्या दहा अंगरक्षकांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक यांच्याबरोबर सिद्दी इब्राहीम आहे. खानाच्या अंगरक्षकांत बडा सय्यद आहे तसेच पिलाजी मोहिते आणि शंकराजी मोहितेही आहेत. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. खानाच्या फौजेत मंबाजी भोसले, म्हणजे महाराजांचीच भाऊबंदकी. तुझ्या देखाव्यात मंबाजी कुठे उभा केलास? काळ्या रंगाखाली तो मला सापडला नाही.

मला महाराजांचा पराक्रम कमी करायचाय, असं मनातसुद्धा आणू नकोस. उलट म्हणते मी. ज्यांच्यासमोर उभं राहायचं त्यांत आपल्याच नात्यागोत्यातली माणसं आहेत, कोण कुणाचा हे अंगावरच्या कापडावरून कळत नाही, आणि तरीही कुणावर विश्वास टाकायचा हे अचूक ठरवायचं. अवघड ते होतं. काळा रंग लावून तू महाराजांचं काम फार सोपं करून टाकलंस. आणि लढाई संपल्यावर ज्या राजानं खानाला गडाच्या पायथ्याशी माती दिली, त्याच्या देखाव्यात खानाच्या शिपायाला साधं तोंड असू नये?

जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली, तेव्हा तू रांगेत उभं राहून पाहून आलास. सगळे वाघनखं कशी दिसली ते विचारत होते आणि तू आईला सांगत बसलास की पोलादावर तेल लावलं की उजेड कसा निळा पडतो. पुढच्या वर्षी प्रतापगड जागतिक वारसा यादीत गेला, बारा किल्ल्यांत साताऱ्याचा तो एकटाच, तेव्हा पेढे वाटता वाटता "आमचा अजिंक्यतारा राहिला" म्हणून कुरकुरलास. मग कर ना आता अजिंक्यतारा! डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००, औरंगजेब स्वतः पायथ्याशी, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी सुरुंग लावले. एकानं गडावरची माणसं ढिगाऱ्याखाली गेली, प्रयागजी त्यातून जिवंत निघाले. दुसऱ्यानं तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईला सज्ज असलेले मोगलच दगडांखाली चिरडले गेले. शेवटी गड गेला, आजमतारा झाला, पुढे मराठ्यांनी परत घेतला. त्या धुळीत सगळेच एका रंगाचे झाले असतील. तुझ्याशिवाय कोण रंगवेल ती धूळ?

पण ते पुढचं. सध्या एवढंच मागते. खानाच्या रांगेतली दोन माणसं उचल, रंग काढून कोरी कर आणि नव्यानं बसव. एक पिलाजी मोहिते, एक कुणीही विजापूरचा साधा शिपाई. नवं लग्न झालेला असला तरी चालेल, माचीची सोय मी करते. यंदा भाऊबीजेला येताना महाराजांच्या बाजूच्या दोघांबरोबर त्यांनाही कापसात गुंडाळून एकाच डबीत आण. माझ्या लेकाला ते चौघे किल्ल्यावर मांडायचेत. कोण कुणाचा, हे तेवढं डबीवर लिहू नकोस. त्याला विचारू दे, आणि मग तू बसून सगळी गोष्ट सांग.

मामीला नमस्कार. आणि हो, जेवले.

तुझी भाची,
सांगली