बझर आणि काका

रेडिओ जितका लांब पोचेल तितका चांगला, एवढीच माझी समज होती. शाळेच्या प्रश्नमंजुषेसाठी बिनतारी बझर करायला घेतले तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवरून एचसी-१२ मॉड्यूल आणली. मोकळ्या मैदानात किलोमीटरभर जातात म्हणे. शेजारचे काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ती पाहून विचारलं, "अगं, तुमचा हॉल केवढा आहे?"

मग त्यांनी आपला जुना ऑसिलोस्कोप काढला. एक प्रोब बटणावर, दुसरा रिसीव्हरच्या दिव्यावर. पडद्यावर दोन चढांमध्ये दिसतो तो उशीर. मी छापील आकडे वाचत होते, काकांनी वेळ कुठे जातो ते बघायला शिकवलं. ९६०० बॉडला एक बाइट सिरियल तारेतून सरकायलाच सुमारे १ मिलिसेकंद लागतो. लांब पल्ल्याच्या लोरा रेडिओचा माझा मोहही त्यांनीच मोडला. त्याच्या एसएफ-१२ या सगळ्यात संथ सेटिंगवर छोटासा निरोपही सेकंदभर हवेत राहतो. शेतातल्या टाकीची पातळी कळवायला ते ठीक.

शेवटी नॉर्डिकचं एनआरएफ२४एल०१+ घेतलं. २ एमबीपीएसला ३२ बाइटचं पॅकेट २०० मायक्रोसेकंदांच्या आत हवेतून जातं, पोच चिप स्वतःच पाठवते आणि एक रिसीव्हर सहा पाइपांवर ऐकतो. पुरवठ्याच्या पायांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र हवाच, नाहीतर ते लहरी वागतं.

दोघांनी एकदम दाबलं की पॅकेटं आदळत. पुन्हा पाठवण्याआधीची थांबण्याची वेळ २५० मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत ठरवता येते. मी ती प्रत्येक बझरला वेगळी दिली. सगळी पॅकेटं पोचू लागली. मी खूश, काका नाहीत.

"ज्याची वेळ कमी तो जिंकणार. ही मुलांशी लबाडी झाली."

उपायही त्यांचाच. बटण दाबल्यापासून किती वेळ गेला तो आकडा पॅकेटातच घालायचा आणि रिसीव्हरने तो पोचण्याच्या वेळेतून वजा करायचा. चिप आपणहून जुनंच पॅकेट परत पाठवते, म्हणून ती सोय बंद करून प्रत्येक वेळी ताजा आकडा प्रोग्रामने भरायचा. उशीर शून्यावर आणण्याच्या मागे लागलेल्या मला, उशीर मोजून हिशेबात धरता येतो हे तेव्हा कळलं.

आज फर्मवेअर लिहिणं हीच माझी रोजीरोटी. मॉड्यूल निवडताना मी सरासरी बाजूला ठेवून सगळ्यात उशिरा पोचलेलं पॅकेट शोधते. त्याबद्दल कुणी शाबासकी दिली की अवघडायला होतं. ती नजर काकांची आहे.