प्रकाशाचे थर

नाशिकला समुद्र नाही. परंतु पाण्यावर खेळणारा प्रकाश आहे. सकाळी गोदावरीच्या पश्चिम तीरावर उभे राहावे. समोर पंचवटीतील देवळांमागून सूर्य वर येतो. १७४७ साली बांधलेले नारोशंकराचे दगडी देऊळ प्रथम काळेभोर दिसते. मग त्याच्या कडा उजळतात आणि पाण्यावर सोनेरी वाट उमटते. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाकाठचे घाट जलरंगांत रंगविले. जलरंगांत कोरा कागदच प्रकाश होतो. परंतु तेलरंग पडले दाट! त्यांत हे तेज कसे उतरावे?

याचे उत्तर युरोपातील जुन्या बंदरचित्रांत सापडते. क्लोद लोरँ या चित्रकाराने १६४८ साली असे एक चित्र पुरे केले. त्यात शीबाची राणी जलप्रवासाला निघाली आहे. काठावर भव्य प्रासाद, पाण्यात गलबते आणि क्षितिजावर सूर्य. टर्नर या इंग्रज चित्रकाराचा क्लोदवर एवढा जीव, की आपले एक बंदरचित्र या चित्राशेजारी लावावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. लंडनच्या नॅशनल गॅलरीने ती इच्छा पाळली.

अशा चित्राचा तळ फिकट ठेवतात. त्यावर आधी छायाप्रकाश मांडतात. तो वाळला, की पारदर्शक रंगात जवसाचे तेल मिसळून अगदी पातळ लेप देतात. एक पिवळा, एक तांबूस, एक निळा. बाहेरचा प्रकाश या थरांतून आत शिरतो, तळावर आदळतो आणि रंग लेवून परत येतो. त्यामुळे चित्र आतूनच उजळल्यासारखे भासते.

मात्र येथे घाई चालत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. एका थराला कित्येक दिवस लागतात. शिवाय वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल अधिक असावे लागते. तसे नसेल, तर वरचा थर आधी वाळून ताठ होतो, खालच्याची हालचाल चालूच राहते आणि चित्राला भेगा पडतात. त्या आज दिसत नाहीत. चित्रकाराची अधीरता कधी कधी पुष्कळ वर्षांनी उघडी पडते.

सूर्य आपले तेज क्षणात उधळतो. चित्रकाराला ते थराथराने साठवावे लागते. तळाचा शुभ्रपणा शेवटी कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. पण चित्राचा सारा उजेड त्याच ठेवीवर चालतो.