जिन्यातला दिवा

विजेचा दिवा म्हटला की भिंतीवरचे बटण आणि त्या बटणापासून दिव्यापर्यंत गेलेली तार डोळ्यांपुढे उभी राहते. दिवा लागला नाही, तर बिघाड या तारेवर कोठेतरी असणार हे वायरमनला ठाऊक असते, आणि बोट ठेवीत ठेवीत तो तेथवर पोचतो. परंतु अलीकडे मोठ्या कचेऱ्यांतून ही तार नाहीशी होऊ लागली आहे. दिव्याला वीज पुरवणारी तार असतेच. नाहीशी होते ती हुकमाची तार. छताला चिकटवलेली एक लहानशी डबी माणसाची चाहूल घेते आणि ‘कोणी आले’ असा निरोप हवेतून पाठवते. तो निरोप पोचला की दिवे लागतात. माणूस निघून गेला की काही वेळाने आपोआप मालवतात. वीज वाचते, यात शंका नाही. पण निरोप वाटेतच हरवला, तर त्याला शोधायचे कोठे?

पुण्यातील एका सहा मजली व्यापारी इमारतीत हाच प्रश्न उभा राहिला होता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातले दिवे रात्री कधीकधी लागत नसत. एका रात्री सफाईचे काम करणारी बाई पाण्याची बादली घेऊन त्या अंधारात उतरू लागली, तिचा पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. चौकशी झाली. दिवे पाहिले, डबीतली बॅटरी बदलली. सारे ठीक होते. यंत्रात दोष नाही, तर तो माणसात असला पाहिजे, असे व्यवस्थापकांनी ठरवले, आणि माणूस समोरच होता. रात्रीचा म्हातारा पहारेकरी दिव्यांशी काहीतरी खेळ करतो, असे बोलले जाऊ लागले. महिनाअखेरीस त्याला रजा द्यावी, असाही विचार चालला होता.

तत्पूर्वी एकदा तपासून घ्यावे, म्हणून एका जुन्या वायरमनला बोलावले. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बरोबर त्याचा मदतनीस मुलगा होता. दिवसभर दोघांनी जिना धुंडाळला. मुलगा पन्नास वेळा वर गेला, पन्नास वेळा खाली आला. दिवे पन्नासही वेळा लागले.

“काका, बिघाड नाहीच की,” मुलगा दमून म्हणाला.

“बिघाड आहे. तो आपल्या वेळेला येत नाही, एवढंच,” मिस्त्री म्हणाला.

चांगला कारागीर आणि घाईचा कारागीर यांतला फरक येथे दिसतो. घाईचा कारागीर चार वस्तू एकदम बदलून टाकतो. बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे त्याला कळत नाही, आणि म्हणूनच तो परत येतो. मिस्त्रीने काहीच बदलले नाही. संध्याकाळी तो पहारेकऱ्याजवळ जाऊन बसला. इतक्या दिवसांत त्याला प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटले होते, परंतु त्याचे ऐकायला बसलेला हा पहिलाच.

“मिस्त्री, मी बटणाला हात लावला नाही हो,” म्हातारा म्हणाला, “आणि लावणार कसा? तिथं बटणच नाही!”

मग त्याने आपली फेऱ्यांची वही पुढे केली. ज्या ज्या रात्री अंधार झाला, त्या त्या रात्रीची वेळ त्याने लिहून ठेवली होती: ९.४०, ९.३५, ९.५०. ही वही कोणी मागितलीच नव्हती. मिस्त्रीने ती दोनदा वाचली आणि रात्री तेथेच थांबायचे ठरवले.

साडेनऊ वाजले. म्हातारा उठला. “चला, दोन घास खाऊ,” असे म्हणून त्याने आपला डबा काढला, त्यातली भाजी-भाकरी काचेच्या ताटलीत घेतली आणि जिन्यालगतच्या पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवली. ओव्हन घरघरू लागला, आणि जिन्यातून मुलाची हाक आली, “काका, अंधार!”

ओव्हन बंद होताच मुलाला पुन्हा खाली-वर करायला लावले, दिवे लागले. मग पेल्यात पाणी घेऊन ओव्हन पुन्हा चालू केला; अंधार. असे पाच वेळा झाले, तेव्हा कोठे मिस्त्रीने मान हलवली.

यात जादू काहीच नव्हती. १८९५ साली जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्‌लहरी भिंतीपार धाडून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. दिव्यांचे निरोप नेणाऱ्या लहरी त्याच कुळातल्या. त्या सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात, आणि योगायोग असा, की ओव्हनमध्ये अन्न तापवणाऱ्या लहरीही जवळजवळ तितक्याच, म्हणजे २४५ कोटी कंपनांच्या असतात. ओव्हनची पेटी त्यांना आत कोंडून ठेवते; तरीही थोड्या बाहेर झिरपतातच. माणसाला त्यांचा उपद्रव नाही. परंतु डबीची कुजबुज त्या गलबल्यात बुडून जाते. बाजारात दोन माणसे हळू बोलत असावीत आणि शेजारी ताशा सुरू व्हावा, तसेच ते.

तरीही एक शंका उरली. ओव्हन चार वर्षांचा जुना, मग दिवे दोन महिन्यांपूर्वीच का रुसले? याचेही उत्तर पहारेकऱ्याकडेच निघाले. जिन्याचे लोखंडी अग्निरोधक दार पूर्वी वीट लावून उघडे ठेवीत. दोन महिन्यांपूर्वी तपासणी झाली आणि ते कायम मिटलेले राहू लागले. ते तसे असणे योग्यच होते. पण भिंत ओलांडणाऱ्या लहरींना लोखंड अडवते. निरोप आधीच क्षीण झाला होता. त्यात ओव्हनचा गोंगाट मिसळला.

म्हाताऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला.

“म्हणजे, मिस्त्री, माझ्या डब्यापायीच ती बाई पडली?”

“तसं नव्हे, बाबा. दुपारी साहेबांचा चहाही याच ओव्हनमध्ये गरम होतो. तेव्हा जिन्याच्या खिडकीतून उजेड असतो, म्हणून कुणाला कळत नाही. चूक ज्यांनी जिन्यासारख्या जागेचा दिवा नुसत्या हवेवर सोडला, त्यांची.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने जिन्याची खिडकी झाकली, व्यवस्थापकांनाच चहा गरम करायला सांगितले आणि मग जिन्यात चालायला सांगितले. अंधारात दोन पायऱ्या चाचपडताच ते थांबले. आणखी काही सांगावे लागले नाही.

या यंत्रणेला निरोप धाडण्यासाठी ११ पासून २६ पर्यंत क्रमांकांच्या सोळा वाटा असतात. मिस्त्रीने ओव्हनच्या गलबल्यापासून दूरची पंधरावी वाट निवडली आणि दाराच्या दोन्ही अंगांना निरोप पुढे देणारा एकेक दिवा बसवला. शिवाय, जिन्यातले दोन दिवे साध्या तारेवर घेऊन रात्रभर जळते ठेवावेत, असा त्याने आग्रह धरला. व्यवस्थापकांनी खर्चाची कुरकूर केली. मिस्त्रीने कागदावर हिशेब मांडला: नऊ वॅटचे दोन दिवे, बारा तास, एका रात्रीत पाव युनिटसुद्धा नाही. मोडलेल्या मनगटाचा हिशेब त्याने मांडला नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्ब्रहॅम गावच्या एका शाळेत ऑगस्ट २०२१ मध्ये अशीच दिव्यांचा कारभार पाहणारी यंत्रणा बिघडली आणि सुमारे सात हजार दिवे वर्षाहून अधिक काळ रात्रंदिवस जळत राहिले; शिक्षकांना काही बल्ब हातांनी काढावे लागले. तेथे उजेड जाईना, येथे येईना.

पहारेकऱ्याची नोकरी राहिली. बाईही मनगट बरे झाल्यावर कामावर परतली, आणि त्याने तिला सारे सांगितले, तेव्हा ती हसली. ओव्हन आता कितीही वेळ चालला तरी जिन्यात उजेडच असे. म्हातारा मात्र त्यानंतर पुष्कळ दिवस आपला डबा थंडच खात होता.