खाड्याचे पैसे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, पोरं घालून माणसं टोळ्या करून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. या टोळ्यांमधल्या बायकांवर माहितीपट करायचं माझ्या मनानं २०१९ साली घेतलं. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकल्याच्या बातम्या त्या वर्षी देशभर गाजल्या, सरकारनं चौकशी समिती नेमली. बातम्यांत आकडे होते, डॉक्टर होते, पुढारी होते. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलणारी बाई मात्र फोटोपुरतीच होती. तिला तिच्या चालीनं, सावकाश बोलता यावं, यासाठी मला माहितीपट हवा होता. त्यासाठी हंगामभर टोळीसोबत राहायला हवं, आणि राहायचं तर पैसा हवा.

आपल्याकडे असा पैसा मिळण्याच्या वाटा मोजक्या. १९४८ मध्ये सुरू झालेली सरकारची फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. २००० साली स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टनं कितीतरी स्वतंत्र माहितीपटांना हात दिला. बाहेर पाहावं तर सनडान्सचा निधी, ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड. तिथे जगभरातून अर्ज येतात. शिवाय परदेशी पैसा म्हटला की २०१० चा परदेशी योगदान नियमन कायदा आला. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही.

मी अर्ज लिहीत होते आणि हाताशी होतं त्या पैशात चित्रीकरणही करत होते. सांगली जिल्ह्यातल्या एका फडात पहाटे आम्ही उभे होतो. नवरा कोयत्यानं ऊस पाडत होता, बायको पाचट सोलून मोळी बांधत होती. तिनं साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता. त्या शर्टाच्या कॉलरला आम्ही माइक लावला. पाचटाची पानं सतत त्याला घासत होती. हेडफोनमध्ये त्या खरखरीतून तिचा श्वास ऐकू येत होता. बांधावर बसून निवांत बोलू या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, बसले तर खाडा पडंल. तो तुमी भरणार हाय का?"

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचलही, त्या जोडीच्या नावावर असते. दिवसाकाठी दोनेक टन ऊस तोडायचा. तेव्हा टनाला २७३ रुपये दर होता. काम बुडालं की मजुरी तर जातेच, वर मुकादम ५०० रुपयांपासून पुढं खाडा लावतो आणि तो उचलीत धरतो. म्हणजे तासभर बोलायचं, तर तिचं कर्ज वाढणार. मुकादमाविरुद्ध बोलली, तर पुढच्या हंगामाची उचलही धोक्यात. माझ्या बजेटमध्ये कॅमेऱ्याचा विमा होता. तिच्यासाठी मी 'सहभागींची नुकसानभरपाई आणि सुरक्षितता' असा नवा रकाना घातला.

एका पिचिंगच्या बैठकीत त्या रकान्यावरच बोट ठेवलं गेलं. समोर बसलेल्या निधीदात्यांना विषय आवडला होता. पण ज्यांचं चित्रीकरण करता त्यांना पैसे दिलेत, तर त्यांच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आक्षेप महत्त्वाचा आहे. पैसे देऊन हवं ते वदवून घेणारे असतात. पण बुडालेली मजुरी भरून देणं म्हणजे साक्ष विकत घेणं नव्हे. कोर्टात साक्षीदाराला भत्ता मिळतो, म्हणून त्याची साक्ष कोणी खोटी मानत नाही. मी रकाना काढला नाही. तो निधी मिळाला नाही.

मग मी प्रेक्षकांकडे वळले. प्रायोजकांवाचून काम करणाऱ्यांची उदाहरणं समोर होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या घटनेपासून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुरा करायला दिग्दर्शक आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं घेतली. कुणा प्रायोजकाच्या वेळापत्रकात ती बसली नसती. गोरखपूरला २००६ मध्ये सुरू झालेली 'प्रतिरोध का सिनेमा' ही चळवळ प्रायोजक न घेता लोकवर्गणीवर महोत्सव भरवते. मीही वर्गणी मागितली. शिक्षक, नर्सबाई, निवृत्त बँक कर्मचारी यांनी दिली. परदेशातल्या मराठी मंडळींपैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांचे पैसे घेता आले. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांना कायद्यामुळे नाही म्हणावं लागलं.

खाडा भरून देण्याची पद्धत टोळीतल्या बायकांनीच ठरवली. चित्रीकरण असेल त्या दिवशी टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला सारखी रक्कम, कोणी बोलो न बोलो. त्यामुळे बोलायला कोणी पैशापायी आलं नाही आणि बोललेली बाई एकटी पडली नाही. संकलन झाल्यावर आम्ही गावात जाऊन कच्ची प्रत दाखवली. एकीनं मुकादमाबद्दलचं स्वतःचं बोलणं काढायला लावलं. माझ्या मते माहितीपटातला तो सर्वांत जोरकस भाग होता. तो काढला, कारण जोखीम तिची होती.

मानवी हक्कांवरच्या माहितीपटांना पैसा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझं मागणं आहे: नुकसानभरपाईचा हा रकाना तुमच्या अर्जातच छापा, आणि तो रिकामा ठेवणाऱ्या दिग्दर्शकाला कारण विचारा. हक्कांची गोष्ट सांगताना सांगणारीचीच मजुरी बुडत असेल, तर तो अन्याय आपण केलेला असतो. तो थांबवणं आपल्या हातात आहे.