चार चौकोनांची रणभूमी

दिवाळी आली की आमच्या गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात. माझं आजोळ मात्र बेळगावचं. तिथे दिवाळी म्हणजे किल्ला! गोणपाट, दगड, लाल माती, वर पेरलेली मोहरी आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. दिवाळी संपली की किल्ला मोडायचा आणि मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जायचे.

त्यामुळे चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक मांडले, तेव्हा सौ.ने कपाळाला हात लावला, पण मी गप्प राहिलो. खेळाचं नाव वॉरहॅमर ४०,०००. मूळ १९८७ सालचा, इंग्लंडचा. सैनिक विकत आणायचे, जोडायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग फासे टाकून लढायचं. सैन्य मांडून दाखवायला त्याला एक फळी हवी होती. एरवी आम्हा बापलेकांचं बोलणं 'जेवलास?' आणि 'हो' एवढंच. म्हटलं, मी करतो.

पहिली फळी पार फसली. थर्माकोलमध्ये प्रत्येक सैनिकाच्या बैठकीच्या मापाची गोल खाच कोरली. दिसायला छान! पण महिन्याभरात दहा सैनिक वाढले, त्यात एक रणगाडा. त्यांना जागाच नाही.

मंडळी, आम्ही कारकून माणसं. छापील रजिस्टरात रकाने ठरलेले असतात, नवा रकाना घुसवता येत नाही. टॅगच्या फायलीत मात्र हवं तिथे पान घालता येतं. मी रजिस्टर केलं होतं, हवी होती फाईल!

मग एक-एक फुटाचे प्लायवूडचे चार चौकोन कापले. वर पत्रा आणि सैनिकांच्या पायाखाली छोटी लोहचुंबकं. इथेही फजिती झालीच. मी हौसेने स्टेनलेस स्टीलचा लखलखीत पत्रा आणला, त्याला चुंबक चिकटेना! साधा जी.आय. पत्रा आणल्यावर काम झालं. त्यावर फेव्हिकॉल आणि चाळलेली चिऱ्याची भुकटी अगदी पातळ लावली; थर जाड झाला की चुंबकाची पकड सुटते. एकाच पुठ्ठ्यावरून चारी कडांना सारख्या जागी भोकं पाडली आणि रस्ता प्रत्येक कडेच्या बरोबर मध्यावर आणला. आता कुठलाही चौकोन कसाही फिरवून नटबोल्टने जोडा, रस्ता तुटत नाही.

मला वाटलं, केवढा शोध लावला! पुढे वाचनात आलं की १८१२ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन माणसाने राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला युद्धाचा खेळ करून दिला होता. त्यातही जमिनीचे सुटे चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत. आणि हा गृहस्थ सैनिक नव्हे, मुलकी अधिकारी, म्हणजे आमच्याच जातकुळीचा! तोफखान्यात असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ साली सुधारलेले नियम छापले. बापाचा खेळ मुलाने पुढे नेला. आमच्याकडे उलटं, मुलाच्या खेळात बाप शिरला.

भुकटी चाळताना मी त्याला बेळगावच्या किल्ल्याबद्दल सांगितलं. त्याने मध्येच विचारलं, "मोहरी किती दिवसांत उगवायची?" इतक्या वर्षांत त्याने माझ्या लहानपणाबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

यंदा जूनमध्ये तो नोकरीसाठी पुण्याला गेला. खोली लहान, त्यामुळे दोनच चौकोन नेले. उरलेले दोन इथे कपाटावर आहेत. सौ. धूळ पुसते, पण हलवत नाही.

परवा रात्री फोन आला. जेवणाचं बोलून झालं. मी ठेवणार इतक्यात म्हणाला, "पप्पा, दिवाळीला येताना दोन्ही घेऊन येतो. पाचवा करूया का? ह्यावर किल्ला हवा."

काल कचेरीतून येताना प्लायवूड घेऊनच आलो. मोहरी घरात आहेच.