चामोर्शीचा एकही नाही!

यावेळी जरा कंटाळवाण्या विषयावर लिहितोय, मोजणीवर. पण ऐका तरी.

तीन वर्षांपूर्वी मी धानाच्या किडींवर एक छोटंसं संकेतस्थळ केलं. कारण साधं होतं. दर पावसाळ्यात बाबांचा चामोर्शीहून फोन यायचा, "पोंगे कांद्याच्या पातीसारखे झाले, पाहून सांग ना इंटरनेटवर." मी पुण्यात बसून शोधायचो. सगळं इंग्रजीत, नाहीतर भल्यामोठ्या पीडीएफमध्ये, आणि आमच्याकडच्या रेंजमध्ये ती पीडीएफ उघडेपर्यंत गादमाशीची पुढची पिढी जन्माला यायची :) म्हणून गादमाशी, खोडकिडा, तुडतुडे, करपा अशी एकेक पानं मराठीत लिहिली, फोटो हलके ठेवले, छापायचं बटण दिलं आणि मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात पत्ता चिकटवला.

आता हे कोणी वाचतं का, ते कळायला नको? तर गूगल अ‍ॅनालिटिक्स लावलं. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच नोव्हेंबरात ही मोजणी फुकट द्यायला सुरुवात केली. दुव्यांच्या शेपटीला आजही जे 'यूटीएम' लागतं, त्यातला यू त्या अर्चिनचाच. जुनी पद्धत जुलै २०२३ मध्ये बंद झाली, आता जीए-फोर. असो.

मोजणी चालते टॅगवर. टॅग म्हणजे पानात डकवलेला कोडचा तुकडा. वाचक आला की तो गूगलला निरोप धाडतो. एखाद-दुसरा टॅग असेल तोवर ठीक, पण नंतर कोणी बटण दाबलं का, कोणी फाइल उतरवली का, अशी हाव वाढत जाते आणि प्रत्येक वेळी सगळी पानं उघडून बसावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे टॅग मॅनेजर, २०१२ साली आलेला. पानात एकच तुकडा ठेवायचा, बाकीचे टॅग बाहेरून लावायचे-काढायचे, आणि कोणता टॅग कधी उडवायचा ते 'ट्रिगर'ला सांगायचं. शेवटी 'पब्लिश' दाबायला विसरायचं नाही. (मी विसरलो होतो. दोन दिवस.)

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. टॅग मॅनेजर लावला, पण पानातला जुना तुकडा काढलाच नाही. म्हणजे एक माणूस आला की दोन निरोप. पाहिलेल्या पानांचा आकडा दुप्पट झाला आणि मी चार दिवस खुशीत! बाउन्स रेट, म्हणजे येऊन लगेच निघून जाणाऱ्यांचं प्रमाण, जवळजवळ शून्यावर आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुडतुड्यांवर एवढं खिळून वाचणारं गाव जगात नाही.

बाबांना एकदा विचारलं होतं, मार्कंड्याच्या यात्रेत माणसं किती येतात? (मार्कंडादेव आमच्याच तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.) ते म्हणाले, "कोणाले विचारतो त्याच्यावर आहे. नारळवाला नारळ मोजते, एसटीवाला तिकिटं मोजते." यापेक्षा चांगलं मला अजून कोणी समजावलेलं नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये युझर म्हणजे माणूस, असं आपण समजतो. खरं तर ते एका फोनमधलं एक ब्राउझर. सेशन म्हणजे त्याची एक फेरी. अर्धा तास काही हालचाल नसली की फेरी संपली, पुन्हा आला तर नवी. एकच माणूस सकाळी फोनवर आणि दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर आला तर ते दोघं होतात.

तर मुद्दा असा की अहवालात शहरांची यादी येते. नागपूर, मुंबई, पुणे, हैदराबाद. चामोर्शी नाही. महिनोन्महिने पाहिलं, एकही नाही. ऑफिसमधल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "अरे, तुझा वाचक शहरातला आहे. मोठे फोटो टाक, व्हिडिओ टाक, ते छापायचं बटण काढ, कोण छापतं आता?" मलाही पटलं, काय करणार, विदा समोर होता. नव्या मांडणीचं काम सुरूही केलं. एका पानाचं वजन आठपट झालं होतं.

यंदा रोवणीच्या वेळी घरी गेलो. बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून, मोबाइल डेटावर, सहज म्हणून आपलंच संकेतस्थळ उघडलं आणि दुसऱ्या खिडकीत अ‍ॅनालिटिक्सचा 'आत्ता' वाला अहवाल. एक वाचक दिसला. नागपूर! मी गुडघाभर चिखलातून नुकताच वर आलेला, आणि गूगलच्या मते एसटीने अर्धा दिवस दूर.

खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं, पगार त्याचाच घेतो. ठिकाण ठरतं ते आयपी पत्त्यावरून. मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि तो पत्ता नोंदलेला असतो त्यांचं जाळं मोठ्या इंटरनेटला जिथे जोडलंय तिथला. म्हणजे यादीतलं नागपूर हे माणसांचं नव्हे, तारेच्या टोकाचं. आष्टीचा, घोटचा, चामोर्शीचा वाचक तिथेच मोजला जात होता.

संध्याकाळी मामाच्या दुकानात गेलो. काउंटरवर माझ्याच गादमाशीच्या पानांचा गठ्ठा. "दोन रुपयाले एक," मामा म्हणाला, "या हप्त्यात तीस-चाळीस गेले असतीन." तो पान एकदा उघडतो, एकदा छापतो आणि त्या कागदाच्या झेरॉक्स काढतो. माझ्या हिशेबात एक युझर, एक सेशन. तोही नागपूरचा. आणि मी ते बटण काढायला निघालो होतो.

रात्री जेवताना हे सगळं बाबांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी घास थांबवून विचारलं, "लोकायले माहीत आहे का, तू त्यायले मोजून रायला ते?"

आता काय सांगणार? २०२३ साली वैयक्तिक विद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा मीही तळाशी बारीक अक्षरात एक इंग्रजी दुवा टाकून मोकळा झालो होतो. बाबांनी तो वाचला असता तरी त्यांना काय कळलं असतं? आणि ते माझे पहिले वाचक.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी नवी मांडणी फेकून दिली. पानाच्या वरच, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथे वाचक मोजले जातात. नको असेल तर इथे दाबा.' ते दाबलं की ट्रिगर अडतो, टॅग उडतच नाही. छापायच्या बटणावर टॅग लावला. आणि खाली एक प्रश्न टाकला, 'तुमचा तालुका कोणता?' सांगायचा तर सांगा, नाहीतर राहू द्या. नाव नाही, फोन नंबर नाही.

पहिल्या आठवड्यात चौदा जणांनी तालुका सांगितला. नऊ चामोर्शी, दोन सावली, एक मूल, एक मुलचेरा, एक पवनी. शहरांच्या यादीत त्या आठवड्यातही नागपूरच वर होतं.

'नको' किती जणांनी दाबलं ते अर्थातच मला कळत नाही. बाबांनी दाबलंय, ते मात्र त्यांनी फोन करून सांगितलं.