बिल सक्तीचं, नेट बंद

1 एप्रिल 2018 पासून पन्नास हजार रुपयांवरचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर ई-वे बिल काढणं देशभर सक्तीचं झालं. पोर्टलवर मालाची माहिती भरायची, गाडीचा नंबर टाकायचा, बारा आकडी क्रमांक हाती आला की मगच ट्रक हलवायचा. तो दिवस रविवारचा होता. सोमवारी, 2 एप्रिलला, ग्वाल्हेरमध्ये मोबाईल इंटरनेट बंद झालं.

व्यापाऱ्यांच्या करांचे हिशेब सांभाळणं हा माझा धंदा. ऑफिस ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गिऱ्हाइकं बहुतेक दाल बाजारातली. आदल्या महिनाभर मी त्यांना नवं पोर्टल शिकवत होतो. एसएमएसवरूनही बिल काढायची सोय नियमांत होती, पण त्यासाठी मोबाईल नंबर आधी नोंदवावा लागे, आणि ती नोंदणीही पोर्टलवरच. माझं ऑफिस डोंगलवर चालायचं. दुपारनंतर त्याचा दिवा लागला तो लालच. बाजारात भरलेल्या गाड्या उभ्या, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, आणि शेठजी मला फोनवर फोन करताहेत: ‘‘भाईसाहब, अब क्या करें?’’

नेट का बंद झालं, हे मला कळलं पुण्याहून.

आत्याचा लँडलाइनवर फोन आला. ‘‘अरे, तुमच्याकडे गोळीबार चाललाय आणि तू ऑफिसात काय बसलायस?’’ त्या दिवशी दलित संघटनांचा भारत बंद होता, आणि थाटीपूर भागात पिस्तुलातून गोळ्या झाडणाऱ्या एका माणसाची चित्रफीत साऱ्या देशाच्या टीव्हीवर फिरत होती. थाटीपूर माझ्या ऑफिसपासून काही किलोमीटरवर. पण ग्वाल्हेर हे पहिल्यापासून एकसंध शहर नाहीच. किल्ल्याखालचं जुनं गाव वेगळं, दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळातून 1810 च्या सुमारास उभं राहिलेलं लष्कर वेगळं, इंग्रजांच्या छावणीचं मुरार वेगळं. लष्करात आजही फालके बाजार आहे, चिटणीस की गोठ आहे. कुठला सरदार कुठे उतरला होता ते रस्त्यांच्या नावांवरून सांगता येतं. रस्ते जोडले गेले, तरी कोण कुठे राहतं याची जुनी वाटणी बरीचशी तशीच राहिली. व्हॉट्सअ‍ॅपमुळे ही अंतरं मिटल्यासारखी वाटत होती. ते बंद झालं आणि मुरारमध्ये काय चाललंय हे लष्करातल्या माणसाला कळेना.

अफवांना मात्र नेट लागलं नाही. दूधवाल्याने एक आकडा सांगितला, केमिस्टने दुसरा, संध्याकाळी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनी तिसरा. नेट बंद करण्याचं कारण अफवा रोखणं हे असतं. माझ्या गल्लीत झालं ते उलटंच: अफवा पोचत होती आणि ती खोडून काढणारी बातमी अडकून पडली होती.

त्या बंदचं मूळ महाराष्ट्रात होतं, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही फार कुणाला ठाऊक नव्हतं. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांवरून अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि 20 मार्च 2018 ला निकाल लागला. या कायद्याखाली अटक करण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी हवी, आधी प्राथमिक चौकशी करता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याचा दातच काढला, अशी भावना दलित संघटनांत पसरली आणि त्यांनी बंद पुकारला. ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या तिन्ही जिल्ह्यांत माणसं मारली गेली. ग्वाल्हेरच्या काही भागांत संचारबंदी लागली.

दाल बाजारात पोती वाहणाऱ्यांना पल्लेदार म्हणतात. त्या आठवड्यात गाड्या बिलांवाचून जितक्या अडल्या, तितक्याच पल्लेदारांवाचून अडल्या, कारण त्यांतले बरेच जण ज्या वस्त्यांत राहत तिथे संचारबंदी होती. माझ्याकडे आलेल्या एकाही व्यापाऱ्याने ही दुसरी अडचण आधी सांगितली नाही. पुढे ओळखीच्या एका पल्लेदाराला विचारलं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की पोत्यामागे पैसे मिळतात. पोतं उचललं नाही तर हिशेबच नाही. गाडी थांबली तर व्यापारी भाड्याचा खर्च दाखवू शकतो. पल्लेदाराची बुडालेली मजुरी मी भरतो त्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

मग आला 10 एप्रिल. आरक्षणाच्या विरोधात आणखी एक भारत बंद. त्याची हाक कुठल्या पक्षाने दिली नव्हती की संघटनेने. फोनवरून फोनवर ढकलला जाणारा एक निनावी निरोप, एवढाच त्याचा पत्ता. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तो आला, पुढे पाठवणाऱ्यालाही तो कुणाचा ते माहीत नसताना. या वेळी प्रशासनाने वाट पाहिली नाही. ग्वाल्हेर-चंबळ भागात खबरदारी म्हणून आधीच नेट बंद झालं. आठवडाभराच्या अंतराने शहराने नेटबंदीचे दोन्ही प्रकार पाहिले: हिंसा झाल्यावरची आणि होण्याआधीची.

कायद्याच्या पातळीवर गोष्टी पुढे सरकल्या. ऑगस्ट 2018 मध्ये संसदेने अत्याचार प्रतिबंधक कायदा दुरुस्त करून अटकेवरच्या अटी काढल्या. 1 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे निर्देश मागे घेतले. नेटबंदीसाठी 2017 सालीच नियम झाले होते, पण त्यांचा आधार 1885 चा तार कायदा होता. जानेवारी 2020 मध्ये काश्मीरमधल्या नेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले. तरीही ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीत 2018 ते 2023 सलग सहा वर्षं जगात सर्वाधिक नेटबंदी भारतात झाली. 2023 मध्ये 116 वेळा.

मधल्या काळात आमच्या कामातलं जवळपास सगळंच नेटवर गेलं: बिल, विवरणपत्र, नोटीस, तिचं उत्तर, आणि पल्लेदाराची मजुरीसुद्धा. करभरणा एक दिवस उशिरा झाला तर व्याज लागतं. नेट सरकारनेच बंद ठेवलं होतं, हे लिहायला पोर्टलवर रकाना नाही.

2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसवण्यावरून वाद पेटला. ऑक्टोबरमध्ये शहरभर मोठा पोलीस बंदोबस्त लागला. नेट पुन्हा बंद होईल या धास्तीने दाल बाजारातून मला फोन यायला लागले. पुतळा बसावा की नाही, याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. ई-वे बिलाचा पहिला भाग आधी भरून ठेवला तर पंधरा दिवस चालतो आणि गाडीचा नंबर नंतर टाकता येतो, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. तो भाग आज रात्रीच भरून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं. एका शेठजींनी जाता जाता सांगितलं, त्यांच्या पल्लेदारांनी त्या आठवड्याची मजुरी रोख आणि आगाऊ मागितली आहे. द्यावी का, असं ते मला विचारत होते.